पेव

बहात्तर पॉइंटात लावली होती मी ती ओळ,
आठही कॉलम भरून:
'हळदीत विषारी रंग! खणभागातील गिरणी रडारवर'
उद्गारचिन्ह माझं.
बातमीदारानं दिलं नव्हतं,
पण जागा उरत होती.

गिरणी शालन कोष्टींची.
नाव छापलं नाही आम्ही, तेवढी काळजी घेतली.
देवळामागची, निळ्या दाराची,
एवढंच छापलं.

कुणी दगड मारला नाही.
बायका आल्या आणि आपापले डबे घेऊन गेल्या,
न दळलेले.
तासगावच्या लग्नाची हळकुंडं
पोत्यासकट रिक्षात चढली.
गिरणीचा पट्टा काढून शालनबाईंनी खिळ्याला टांगला.

सतराव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला.
पिशवी दुसऱ्याच कुणाची.
तीही ओळ मीच लावली.
पान सात, गुळाच्या दराखाली,
'सोन्याची बाळी हरवली आहे'च्या वर,
आठ पॉइंट.
'अनवधानाने' हा शब्द एका ओळीत मावेना,
तोडावा लागला.

आता विचारतात, दंड असावा का?
वाचनालयात परिसंवाद झाला, चहासकट.
वकील रणपिसे म्हणाले, पाच लाख.
आमचे मालक हसले. पाच लाख म्हणजे
दिवाळी अंकाचं मागचं कव्हर.
मी शेवटच्या खुर्चीत,
मला आठवत होता यार्डातला जुना सौदा,
रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव.
खोट्याचा भाव ठरवताना
रुमाल कुणाचा असेल?
कारण एकदा आम्ही खरंही छापलं होतं,
नदीतल्या वाळूचं, ट्रकच्या नंबरांसकट.
तेव्हा नोटीस आली,
तिच्यातही हाच शब्द होता: असत्य.
बातमी आणणारा अशपाक दोन वर्षं
तारखांना जात होता, डबा घेऊन.
वाळू जातच होती.

वडील हरिपुरात पेवांवर कामाला.
जमिनीखालच्या त्या गोल अंधारात
पोतीच्या पोती हळद निजलेली असायची.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर आत हवा वाईट.
मग थांबायचं.
व्यापारी वर उभा राहून शिव्या देईना का,
थांबायचं.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
शिवा ऐनापुरे एकदाच उतरला कंदिलाविना,
त्याला दोरीनं वर काढलं.
दंड कुणालाच झाला नाही.
त्याच्या बायकोला मात्र पुढं जन्मभर हळदीचा वास सहन होईना.

आणि मी तीस वर्षं लिहीत आलो,
'अफवांचे पेव फुटले'.
एकदाही ध्यानात आलं नाही
की पेवाच्या तोंडाशी मीच बसलोय,
दोरी मांडीवर,
कंदील घरी.

दंड असावा. आकडा मला येत नाही.

परवा निळ्या दाराशी गेलो.
म्हटलं, मालकांशी भांडतो,
बहात्तर पॉइंटात माफी छापून आणतो, तुमच्या नावानिशी.
शालनबाई चाळणी झटकत होत्या.
'नको वो,' म्हणाल्या,
'आत्ता कुठं लोक विसराय लागल्यात.'
मग विचारलं, 'हळद हवीय का?'
पाव किलो घेतली.
पैसे पुरे घेतले त्यांनी, मोजून.

पुडी फळीवर आहे, आज नववा दिवस.
बायको विचारते, फोडू का?
तो कागद मी या डोळ्यांनी वाचलाय,
ती दिलगिरी या बोटांनी लावलीय,
तरी म्हणतो,
थांब जरा.